गोरेगावच्या जमिनीचा भाव कोणी वाढवला?

मुंबईच्या उपनगरात ज्यांचे स्वतःचे घर आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कपाटात एक शेअर सर्टिफिकेट असते. अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, जुन्या सोसायट्यांच्या या कागदावरचा मजकूर बहुधा सारखाच असतो: प्रत्येकी ५० रुपयांचे ५ भाग, एकूण रुपये २५० फक्त. खाली अध्यक्ष, सचिव आणि समितीच्या एका सदस्याची सही, त्यावर संस्थेचा शिक्का. पाठीमागे हस्तांतराच्या नोंदींचे रकाने. तेच घर विकायला काढले तर दलाल कोटीच्या खाली बोलायला तयार नसतो. कायद्याच्या कल्पनेत मात्र इमारत संस्थेची असते आणि सभासद हा तिचा भागधारक. अडीचशे रुपयांच्या त्या भागांबरोबर त्याला त्या घरात राहण्याचा हक्क मिळतो. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला मत एकच. तीन बेडरूमवाल्याला एक आणि वन रूम किचनवाल्यालाही एकच.

दर महिन्याला किंवा तिमाहीला दाराखालून सरकवले जाणारे देखभालीचे बिल याहूनही नीट वाचण्यासारखे असते. त्यातला प्रत्येक आकडा वाटणीच्या वेगळ्या तत्त्वावर काढलेला असतो. पाणीपट्टी घरातल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार पाहून लावायची, म्हणजे वापराप्रमाणे. सिंकिंग फंड बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का, म्हणजे घराच्या आकाराप्रमाणे. वॉचमनचा पगार, सफाई, जिन्यातले दिवे, कार्यालयाचा खर्च हे सेवाशुल्क मात्र घरांच्या संख्येने भागायचे. घर ३०० चौरस फुटांचे असो की ९००, आकडा सारखाच. लिफ्टचा खर्चही ती ज्या इमारतीत आहे तिथल्या सगळ्यांनी सारखा उचलायचा, मग तळमजल्यावरचा सभासद लिफ्टमध्ये कधी पाऊल ठेवो न ठेवो. आदर्श उपविधींनी हे ठरवून दिलेले आहे, तरीही वार्षिक सभेत दरवर्षी त्यावरूनच आवाज चढतात. तळमजल्यावरचे काका विचारतात, मी लिफ्टचे पैसे का द्यायचे? छोट्या घरातले विचारतात, मोठ्या घरांइतकेच सेवाशुल्क आम्हाला का?

समाजवादी विचारातला सर्वांत जुना वाद हाच आहे. १८७५ मध्ये जर्मनीतल्या कामगार पक्षांनी एकत्र येताना गोथा या गावी एक कार्यक्रम मांडला. श्रमाचे सगळे फळ समाजातल्या सगळ्यांना समान हक्काने मिळावे, असे त्यात म्हटले होते. कार्ल मार्क्सने मसुदा वाचला आणि त्यावर सडकून टीका लिहिली. सगळे फळ वाटून कसे चालेल, असा त्याचा पहिला आक्षेप होता. झिजलेल्या यंत्रांच्या जागी नवी आणायला काही बाजूला काढावे लागेल, उत्पादन वाढवायला काही, अपघात-आपत्तीसाठी काही. मग कारभाराचा खर्च, शाळा, आरोग्य आणि जे काम करू शकत नाहीत त्यांच्यासाठी निधी. हे सगळे वजा जाता उरेल ते वाटायचे. सोसायटीच्या बिलातला सिंकिंग फंड ज्या कारणासाठी असतो, त्याच कारणाने मार्क्सची वजाबाकी सुरू होते. उरलेले कसे वाटायचे, याची उत्तरे त्याने दोन टप्प्यांत दिली. आधी ज्याच्या त्याच्या श्रमाच्या मापाने. पुढे कधीतरी, समाज पुरेसा समृद्ध झाल्यावर, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. पहिल्या टप्प्यातही अन्याय उरतो हे त्याने स्पष्ट सांगितले होते. एकाला चार मुले, दुसरा एकटा. दोघांना सारखा मोबदला दिला तरी दोघांची ताटे सारखी भरत नाहीत.

समाजवाद म्हणजे सगळ्यांना सगळे सारखे, ही समजूत म्हणूनच काढून टाकली पाहिजे. समाजवाद्यांमध्येच वाटणीच्या मापावरून मतभेद आहेत. महाराष्ट्रात तर त्याच्या अनेक धारा वाहिल्या. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे या तरुणांनी केलेल्या चर्चांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ही तरतूद घटनेतच लिहून टाकावी, असा आग्रह धरला. निवडून आलेल्या बहुमताला ती सहज मोडता येऊ नये म्हणून. कम्युनिस्टांची वाट निराळी होती. या सगळ्यांना जोडणारा प्रश्न मात्र एक होता: संपत्ती निर्माण कोण करते आणि ती जाते कोणाकडे?

कारखान्यापुरते याचे उत्तर मार्क्सने अतिरिक्त मूल्याच्या सिद्धांतात दिले. कामगार दिवसाच्या काही तासांत आपल्या मजुरीएवढे मूल्य निर्माण करतो; उरलेल्या तासांतले मूल्य मालकाकडे जाते. भांडवल घालणाऱ्याची जोखीम, यंत्रांचा वाटा, व्यवस्थापनाचे कौशल्य या हिशेबात कुठे बसतात, असा अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण दिवसभराच्या श्रमातून निघणाऱ्या रकमेची वाटणी कुठल्याही निसर्गनियमाने होत नाही, दोन्ही बाजूंच्या ताकदीवर ती ठरते, एवढे तरी उपनगरांच्या इतिहासाने पुरेपूर दाखवले आहे.

घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. दत्ता सामंतांकडे दगडखाणीतले कामगार पेशंट म्हणून येत. खोकला आणि जखमा यांच्यामागे कामाची परिस्थिती आहे हे पाहून डॉक्टर युनियनमध्ये पडले. पुढे मागणी ठरवताना ते कंपनीच्या ताळेबंदाला फारशी किंमत देत नसत. कामगाराला जगायला किती लागते, तिथून त्यांची सुरुवात होई. पूर्व उपनगरांतल्या इंजिनियरिंग आणि औषध कंपन्यांत या पद्धतीने मोठी पगारवाढ पदरात पडली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात मात्र तिची मर्यादा उघडी पडली. जिथे मालकालाच धंद्यापेक्षा धंद्याखालची जमीन जास्त मोलाची वाटू लागते, तिथे काम बंद पाडण्याचे हत्यार बोथट होते. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉक्टरांची गोळ्या घालून हत्या झाली.

याच पट्ट्यात मजुरीपलीकडे मालकीपर्यंत गेलेला एक प्रयोग झाला. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही तांब्या-पितळेच्या नळ्या करणारी कंपनी १९८५ मध्ये बंद पडली. मालक कुटुंबातले वाद, थकलेली देणी, तोडलेली वीज. कामगारांच्या युनियनने कारखाना आम्हालाच चालवू द्या अशी मागणी लावून धरली आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कंपनी कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. भारतातले हे असे पहिले मोठे उदाहरण. कामगारांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून भाग घेतले, कमी पगारावर काम करायचे मान्य केले आणि १९८९ मध्ये भट्ट्या पुन्हा पेटल्या. सुरुवातीची काही वर्षे कारखाना चांगला चालला. पण नव्वदच्या दशकात खेळते भांडवल, बाजारातली स्पर्धा आणि आपापसातले मतभेद यांत गाडे पुन्हा रुतले. मालकी मिळाली म्हणून बँक कर्ज देतेच असे नाही. मला या प्रयोगाबद्दल फार आदर वाटतो. तो फसला एवढे सांगून विषय संपवणाऱ्यांनी हेही सांगायला हवे की त्याआधी मालकांच्या हातात तो बंदच पडला होता.

कारखाने गेले. लालबहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आज मॉल आणि टॉवर उभे आहेत. या रस्त्यावर पूर्वी जे बनत होते त्यापेक्षा ज्या जागेवर ते बनत होते ती अधिक मोलाची ठरली. म्हणून उपनगरांत वाटणीचा खरा प्रश्न जमिनीचाच आहे आणि त्यासाठी गोरेगावला जायला हवे.

गोरेगावची जमीन एकोणिसाव्या शतकात गवत, भात आणि ताडाची. कंपनी सरकारने साष्टीतली गावेच्या गावे मोजक्या घराण्यांच्या हाती दिली होती. पवईसारखी इस्टेट फ्रामजी कावसजींकडे होती. पुढे पश्चिम उपनगरांतली मोठी जमीन एफ. ई. दिनशॉ ट्रस्टसारख्या खासगी ट्रस्टांकडे राहिली. १८६७ मध्ये विरारहून गाडी मुंबईत येऊ लागली, १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग महापालिकेत आला. लोहमार्ग सरकारच्या, रेल्वे कंपनीच्या आणि प्रवाशांच्या तिकिटाच्या पैशातून. रस्ते पालिकेच्या करांतून. लाखो माणसे कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, उत्तरेतून आली ती आपल्या पायांनी. या सगळ्याने माळरानाचा भाव शेकडो पटींनी चढला. ज्यांच्या नावावर तो माळ होता त्यांनी त्यात काय केले? वाट पाहिली. अमेरिकेतल्या हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये या अनर्जित वाढीवर पुस्तक लिहिले आणि ती कररूपाने समाजाने परत घ्यावी असे सुचवले. तो स्वतःला समाजवादी म्हणवत नसे, पण इंग्लंडातले अनेक समाजवादी त्याला वाचूनच घडले.

मृणाल गोरे यांनी हे पुस्तकांआधी पाण्याच्या रांगेत पाहिले. वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलात आलेली ही मुलगी केशव तथा बंडू गोरे यांच्याशी लग्न करून गोरेगावात आली. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. १९६१ मध्ये मृणालताई महापालिकेवर निवडून आल्या. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून त्यांनी हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढले आणि लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७२ मध्ये महागाईविरोधात समाजवादी मृणालताई आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर एकाच आघाडीत उभ्या राहिल्या. लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या त्या हजारो बायकांनी तेल, रॉकेल, धान्याच्या साठेबाजीचा हिशेब मागितला. घरखर्चाची वही हा अर्थशास्त्राचा दस्तऐवज आहे, हे तोवर कोणत्याच पक्षाने इतके गांभीर्याने घेतले नव्हते.

पण नळ आला की भाडे वाढते. रस्ता झाला की झोपडी हलवा म्हणून दडपण येते. लढून मिळवलेली प्रत्येक सोय जमिनीच्या भावात जमा होत जाते आणि ज्याने लढा दिला त्यालाच तिथे राहणे परवडेनासे होते. गोरेगावच्या समाजवाद्यांपुढे हा पेच होता.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात त्यांना एक किल्ली सापडली. मुंबईत एका व्यक्तीला ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येणार नाही; वरची सरकारजमा. भरपाई जास्तीत जास्त १० रुपये चौरस मीटर आणि एकूण दोन लाखांच्या वर नाही. कागदावर हा कायदा विलक्षण धारदार होता. त्याच्या कलम २० मध्ये मात्र सार्वजनिक हित किंवा मालकाची अडचण या कारणांसाठी सूट देण्याचा अधिकार सरकारला होता. त्या दारातून मुंबईतली बहुतेक जमीन सुटली. प्रत्यक्षात ताब्यात आली ती अगदी थोडी. जमीन ना बाजारात, ना सरकारकडे, अशी अडकून राहिली आणि त्या टंचाईने भाव उलट वाढलेच. भाडेनियंत्रण कायद्याचेही असेच झाले होते. भाडे गोठले, भाडेकरू वाचला, पण चाळमालकाने दुरुस्ती सोडली आणि भाड्याची नवी घरे बांधणे थांबले. समाजवादी हेतूने केलेला कायदा अर्धवट राबवला की त्याची किंमत गरीबच मोजतो, हे मुंबईत दोनदा दिसले.

मृणालताई आणि पी. बी. सामंत यांनी या कायद्यातली न वापरलेली बाजू धरली. अतिरिक्त ठरलेली जमीन घराविना असलेल्यांना द्या, हा कायद्याचा घोषित हेतूच आहे, मग तो पाळा. पी. बी. सामंत म्हणजे ज्यांच्या याचिकेवर जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाने सिमेंटवाटपाच्या बदल्यात घेतलेल्या देणग्यांबद्दल निकाल दिला आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पायउतार व्हावे लागले, तेच. त्या काळात सिमेंट परमिटवर मिळे आणि बिल्डरला ते कसे मिळते, हे सामंतांना नेमके ठाऊक होते. ऐंशीच्या दशकात नागरी निवारा परिषद उभी राहिली. मंत्रालय आणि न्यायालय यांच्या अनेक वर्षांच्या खेपांनंतर गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या टेकाडावर ६० एकरांच्या आसपास जमीन मिळाली आणि तिथे अल्प उत्पन्न गटातल्या लोकांसाठी सुमारे सहा हजार घरे बांधली गेली, सहकारी सोसायट्या करून. बिल्डरचा नफा मध्ये नाही आणि जमिनीला बाजारभाव नाही. घराची किंमत दोन गोष्टींत किती विभागलेली असते, हे त्यातून ढळढळीत दिसले. वीट, सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी हा एक भाग, तो गोरेगावात आणि गडहिंग्लजमध्ये फारसा वेगळा नसतो. दुसरा भाग जमिनीचा, तोच मध्यमवर्गाचे कंबरडे मोडतो. दिंडोशीत दुसरा भाग काढून टाकला आणि नोकरदार, कारकून, कामगार माणसाला घर परवडले.

इथे मार्क्सने केलेला एक भेद उपयोगी पडतो. माणूस आपले श्रम विकतो, पैसा मिळवतो, त्याने गरजेची वस्तू घेतो. माल, पैसा, माल; फेरी गरजेवर संपते. दुसऱ्या फेरीत पैसा आधी येतो, त्याने माल घेतला जातो तो पुन्हा विकून अधिक पैसा करण्यासाठी. ही फेरी कुठेच संपत नाही. पहिल्या फेरीत पैसा साधन असतो, दुसरीत तो भांडवल होतो. एकच फ्लॅट दोन्हींत असू शकतो. पोरांना घेऊन राहायला आलेल्याचा तो आसरा. तीन फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवणाऱ्याचे ते भांडवल. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी असल्याचे नोंदवले. त्याच शहरात, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, दर दहांतली चार माणसे झोपडपट्टीत राहत होती. घरांचा तुटवडा आहे म्हणून आणखी टॉवर हवेत, असे सांगणाऱ्याने आधी या दोन आकड्यांचा मेळ घालावा.

नागरी निवाराचे अपुरेपणही याच भेदात आहे. पहिल्या पिढीने ते घर राहण्यासाठी घेतले. पण शहर चहूबाजूंनी वाढले, फिल्म सिटीचा रस्ता गजबजला, आसपास आलिशान इमारती आल्या आणि एकेकाळी बाजाराबाहेर ठेवलेले घर मागच्या दरवाजाने पुन्हा बाजारात आले. जमिनीची जी अनर्जित वाढ ट्रस्टला मिळू नये म्हणून भांडण झाले, तीच वाढ आता सभासदाच्या हाती पडली. ट्रस्टपेक्षा सहा हजार कुटुंबांना मिळणे नक्कीच चांगले, यात मला शंका नाही. पण त्यानंतर गोरेगावात आलेल्या तरुण नर्सला किंवा बसचालकाला त्या किमतीला ते घर कधीच मिळणार नाही.

व्हिएन्नाने हा प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सोडवला. १९१९ ते १९३४ या काळात तिथल्या समाजवादी नगरपालिकेने साठ हजारांवर घरे बांधली. १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा कर लावला, म्हणजे मोठ्या बंगल्यांवर जबर आणि लहान घरांवर नाममात्र. त्या पैशातून घरे उभी केली आणि ती कोणालाही विकली नाहीत. मालकी पालिकेकडेच ठेवून भाड्याने दिली. म्हणून शंभर वर्षांनंतरही नव्याने आलेल्या कामगाराला तिथे तशी घरे मिळतात. आपल्याकडे मात्र सरकार, पक्ष, सहकार सगळ्यांनीच घर म्हणजे मालकीचे घर असे मानले. मालकीची ओढ मी समजू शकतो. फाळणी, दुष्काळ, गिरणी संप पाहिलेल्या माणसाला भाड्याच्या छपराचा भरवसा वाटत नाही, आणि म्हातारपणाची सोय म्हणून त्याच्याकडे दुसरे काय असते? पेन्शन नसलेल्या समाजात फ्लॅट हेच पेन्शन होते. त्यामुळे सगळ्यांना पेन्शन आणि मोफत उपचार मिळाले, तरच घराकडे निव्वळ घर म्हणून पाहता येईल. समाजवाद्यांच्या मागण्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात, एक सुटी करून मिळत नाही.

महाराष्ट्राने कमाल धारणा कायदा नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला. आता उपनगरांतला नवा वाद पुनर्विकासाचा आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या चार मजली इमारती पाडून टॉवर उठतात. वाढीव चटईक्षेत्राची जी किंमत येते, त्यातला मोठा वाटा बिल्डरकडे जातो आणि सभासदाला काही जादा चौरस फूट, बांधकामाच्या काळातले भाडे आणि कॉर्पसची रक्कम मिळते. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने स्वयंपुनर्विकासाचे धोरण जाहीर केले. सोसायटीने स्वतः वास्तुविशारद आणि कंत्राटदार नेमायचा, सहकारी बँकेचे कर्ज घ्यायचे, जादा घरे स्वतः विकायची आणि शिल्लक सभासदांत ठेवायची. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्यासाठी कर्ज देऊ केले. मधल्या माणसाचा वाटा काढून टाकण्याची ही कल्पना कमानी ट्यूब्जच्या कामगारांना लगेच समजली असती, तिच्यातल्या भांडवलाच्या अडचणीसह.

शिल्लक वाटताना मात्र सभेला जुनाच निर्णय घ्यावा लागतो: घराच्या चौरस फुटांप्रमाणे द्यायची की माणशी सारखी? की ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे, त्यांना थोडी अधिक? त्या सभेत हात वर करण्याचा हक्क फक्त सभासदांना असतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू तिथे नसतो. वीस वर्षे गेट सांभाळणारा वॉचमन नसतो. सकाळी भांडुपच्या किंवा दिंडोशीच्या टेकडीवरच्या वस्तीतून उतरून चार घरची भांडी घासणाऱ्या मावशी नसतात. इमारत पडते त्या महिन्यात वॉचमनला दुसरे गेट शोधावे लागते आणि मावशींची चारही घरे एकदम सुटतात. बांधकामाच्या काळातले भाडे सभासदाला मिळते. त्या दोघांना काय द्यायचे, यासाठी कुठल्याही उपविधीत रकाना नाही. तो घालायचा असेल, तर ठराव सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतच मांडावा लागेल आणि तसा ठराव मांडायला एका सभासदाची सूचना आणि दुसऱ्याचे अनुमोदन पुरते.